दुसऱ्याच्या वतीने

सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला 'कृते' या लहानशा शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. साहेब रजेवर किंवा दौऱ्यावर असले म्हणजे त्यांच्या हुद्द्यापूर्वी 'कृते' लिहून दुसरा कोणी सही करतो. परंतु तशी सही करण्याचा अधिकार त्याला देणारा आदेश फाइलीत असावा लागतो. आदेश नसेल तर पत्र परत येते. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहोत, आणि अशी पत्रे परत पाठविण्याचे काम गेली बारा वर्षे पुरेशा कठोरपणे करीत आलो आहोत. निवृत्त कर्मचाऱ्याच्या मुलाने वडिलांच्या वतीने अर्ज केला, की 'अधिकारपत्र जोडलेले नाही' असा शेरा आम्ही मारतो. तो मारताना आमचा हात कधी अडखळल्याचे स्मरत नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात नोएडातील एका खाजगी वृद्धनिवासात आम्ही एका छापील अर्जावर सही केली. अर्जाच्या शेवटच्या पानावर 'रहिवाशाची संमती' असा रकाना होता. आम्ही तेथे मावशीचे नाव लिहिले, सवयीने त्यापूर्वी 'कृते' हा शब्द घातला आणि खाली सही केली. अधिकारपत्र जोडलेले नव्हते. कोणी ते मागितलेही नाही. पावती मिळाली, खोली मिळाली, आणि एक संपूर्ण मनुष्य एका दाराच्या आत गेला. या सहीने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला त्याची वाचकांपुढे उघड चर्चा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मावशी म्हणजे आमच्या आईची मावसबहीण. तिचे यजमान एका मंत्रालयात नोकरीस होते. सरोजिनी नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये तिचा सारा संसार झाला आणि निवृत्तीनंतर उभयतांनी नोएडात लहानसे घर घेतले. यजमान गेले. मुलगा, म्हणजे आमचा दादा, कॅनडात. पुढे मावशीची स्मृती ढळू लागली. गॅस चालू राहू लागला, एकाच दिवशी दूधवाल्याला तीनदा पैसे दिले जाऊ लागले, आणि एके दिवशी भर दुपारी ती सेक्टर १८ च्या मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर बसलेली सापडली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. घरातील दोघेही नोकरीला जातात. दादा दोनदा येऊन गेला, तिला तिकडे नेण्याची खटपट त्याने केली, ती जमली नाही. शेवटी त्याने फोनवर सांगितले, "तू तिथे आहेस, काय ते तूच ठरव." आमचा अधिकार काय तो एवढाच, सहा हजार मैलांहून अधिक अंतरावरून आलेले एक वाक्य, आणि तेही मावशीचे नव्हे.

घर निवडताना आम्ही काळजी घेतली नाही असे नाही. त्याच जून महिन्यात आमच्या शहरात सेक्टर ५५ मधील एका वृद्धाश्रमाचे प्रकरण उघडकीस आले होते. हात बांधलेल्या एका वृद्धेची चित्रफीत सर्वत्र फिरली. त्यानंतर राज्य महिला आयोगाच्या सदस्या पोलिस आणि समाजकल्याण खात्याचे लोक घेऊन तेथे गेल्या, आणि बंद खोल्यांतून सुमारे चाळीस वृद्ध बाहेर काढण्यात आले. ज्यांनी त्यांना तेथे ठेवले ती माणसे परकी नव्हती. बहुतेक सुस्थितीतील, शिकलेली मुले होती. ते वाचल्यावर आम्ही पाच ठिकाणे पाहिली आणि त्यांतले सर्वांत चांगले निवडले. तेथे स्वच्छता आहे, जेवण बरे आहे, परिचारिका मायेने बोलतात, डॉक्टर येतात. मात्र बाहेरच्या दाराला आकड्यांचे कुलूप आहे, आणि ते आकडे रहिवाशांना माहीत नसतात.

दररोज सायंकाळी सहाच्या सुमारास मावशी त्या दाराशी येऊन उभी राहते. पर्स काखेत असते. "उशीर झाला, दार उघडा," असे ती म्हणते. परिचारिका तिला हळूच वळवून आत नेतात. कोणी दटावीत नाही, कोणी बांधीत नाही. तेथील नोंदवहीत या गोष्टीला 'भटकण्याची प्रवृत्ती' असे नाव आहे. एकदा ती आम्हांला म्हणाली, घरी जायचे आहे. कोणते घर, असे विचारता तिने सरोजिनी नगरच्या क्वार्टरचा नंबर बिनचूक सांगितला. ती जुनी वसाहत पाडून तेथे आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्या इच्छेचा विषयच जगात उरलेला नाही तिचे काय करावे?

छळ होतो तेथे प्रश्न सोपा असतो. सेक्टर ५५ मधील घटनेविषयी दोन मते संभवत नाहीत. सन २००१ च्या ऑगस्ट महिन्यात तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण झोपडीला आग लागून जळून मेले, तेव्हाही दोन मते नव्हती; पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट बंदी घातली. क्रौर्याची व्याख्या करता येते, म्हणून त्याला बंदी घालता येते. आमचा प्रश्न चांगल्या घराविषयी आहे. जेथे कोणी दुष्ट नाही, सर्वजण हितच इच्छितात, आणि ज्याचे हित चालले आहे तो दाराशी उभा आहे, तेथे त्याला आत वळवणाऱ्या हाताला तो अधिकार कोठून मिळतो?

महाविद्यालयात आम्हांला तत्त्वज्ञान हा विषय होता. आगरकरांनी ज्या मिलपासून व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार उचलला त्याचा स्वातंत्र्यावरील निबंध तेव्हा नेमलेला होता. व्यक्तीच्या स्वतःच्या हितासाठीही तिच्यावर सक्ती करू नये, हे मिलचे सूत्र आम्ही परीक्षेत लिहिले आणि बरे गुण मिळविले. त्या सूत्रालगतच त्याने एक अपवाद घातला आहे, तो तेव्हा नजरेतून निसटला. हा सिद्धान्त बुद्धी परिपक्व झालेल्या माणसांपुरता आहे. ज्यांची काळजी इतरांनी घेणे प्राप्त आहे त्यांचे त्यांच्या स्वतःच्या कृतींपासूनही रक्षण केले पाहिजे, असे तो म्हणतो. म्हणजे स्वातंत्र्याचा एवढा मोठा वकील, पण मावशीला त्याने १८५९ सालीच दाराबाहेर ठेवले. की दाराआत म्हणावे?

हा अपवाद किती दूरवर नेता येतो याचे उदाहरण मिलच्याच देशात घडले. बोर्नवुड नावाच्या रुग्णालयात १९९७ साली एका प्रौढ पुरुषाला ठेवण्यात आले. तो स्वमग्न होता, त्याला बोलता येत नव्हते. एक दांपत्य त्याला आपल्या घरी प्रेमाने सांभाळीत होते. एका दिवशी तो दिवसाच्या केंद्रात बेचैन झाला आणि तेथून परस्पर रुग्णालयात गेला. त्या दांपत्याला त्याची भेटही काही काळ नाकारण्यात आली. डॉक्टरांचे म्हणणे असे, की आम्ही त्याला कोंडलेले नाही. तो जाण्याचा प्रयत्नच करीत नाही, तेव्हा त्याला अडविण्याचा प्रसंगच आला नाही. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९९८ साली हे म्हणणे मान्य केले. २००४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ते फेटाळले: विरोध न करणे म्हणजे संमती देणे नव्हे, आणि तक्रार न करणाऱ्या माणसाचेही स्वातंत्र्य हिरावले जाऊ शकते. त्यानंतर तेथे काळजीगृहांतील अशा माणसांसाठी एक पद्धत बसविण्यात आली. ज्याला ठेवायचे त्याची, घराशी संबंध नसलेल्या माणसांनी येऊन पाहणी करावयाची, कारणे लिहावयाची, मुदत ठरवावयाची, आणि न्यायालयाकडे जाण्याची वाट उघडी ठेवावयाची. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. माणूस सतत देखरेखीखाली आहे आणि त्याला निघून जाण्याची मोकळीक नाही, एवढे दिसले की पुरे. तो आनंदात आहे की नाही हा निराळा प्रश्न. पिंजरा सोन्याचा असला तरी तो पिंजराच, अशा आशयाचे उद्गार एका न्यायाधीश बाईंनी त्या निकालात काढले.

कारकुनाच्या नात्याने पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. या निकालानंतर तेथे अर्जांचा असा पूर आला, की वर्षाला तीन लाखांहून अधिक अर्ज येऊ लागले आणि पुष्कळसे तपासणीविना पडून राहू लागले. न्यायाची गोष्ट एकदा फाइलीत शिरली की तिचे काय होते ते आम्हांला कोणी शिकवावयास नको. तथापि, पडून राहिलेला अर्ज निदान अस्तित्वात तरी असतो. मावशीचा अर्ज कोठे पडून आहे, असे कोणी विचारले तर आम्हांला सांगता येणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत खोल चर्चा एका मराठी शहरातील रुग्णालयाच्या खाटेभोवती झाली. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात पाशवी हल्ला झाला. त्यानंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथेच पडून होत्या. या साऱ्या काळात रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची जी शुश्रूषा केली तिला तोड नाही. ज्यांनी त्यांना पूर्वी पाहिलेही नव्हते अशा मुलींच्या पिढ्या त्या खाटेपाशी राबल्या. अंगाला जखम होऊ न देता अंथरुणाला खिळलेल्या माणसाची एवढी वर्षे सेवा करणे म्हणजे काय, हे ज्याने घरात कोणाचे एक वर्ष केले असेल त्यालाच कळेल. अरुणाबाईंवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की आता त्यांना सक्तीने जगवू नये. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. जीवनमरणाच्या प्रश्नावर त्या निकालाची पुष्कळ चर्चा झाली. आम्हांला त्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. अरुणाबाईंच्या वतीने बोलणार कोण, हा तो धागा होय. दोन्ही पक्षांना त्यांच्याविषयी कळवळा होता, दोन्ही पक्ष निःस्वार्थी होते, आणि दोघे नेमके उलट बोलत होते. अरुणाबाई स्वतः बोलू शकत नव्हत्या. परंतु त्यांच्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरून त्यांना काय आवडते, काय नको, हे आम्हांला कळते, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. न्यायालयाने बोलण्याचा अधिकार विराणींना न देता केईएमच्या सेवकवर्गाला दिला. ज्यांनी रात्रंदिवस सेवा केली तेच त्यांचे खरे आप्त, असे मानले.

येथवर कोणाचेही मन सहज मान डोलावील. परंतु न्यायालय येथे थांबले नाही. हेच आप्त उद्या जर जीवनाधार काढून घ्यावा असे म्हणू लागले, तर केवळ त्यांच्या शब्दावर ते करता येणार नाही. उच्च न्यायालयाची परवानगी लागेल, आणि त्या न्यायालयाने तीन डॉक्टरांचे मत घेतले पाहिजे, असे त्याने सांगितले. ज्या परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला त्यांनाही शेवटचा शब्द एकट्याने उच्चारण्याचा अधिकार दिला नाही. हा त्यांच्यावरचा अविश्वास होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. सेवा करणारा मनुष्य ज्याची सेवा करतो त्याच्याशी हळूहळू एकरूप होतो. त्याला नको ते आपल्याला नको, आणि पुढे आपल्याला नको ते त्याला नको, या दोन गोष्टींमधील सीमारेषा त्याची त्यालाच दिसेनाशी होते. मावशीला शांत झोप लागावी असे आम्हांस वाटते, ते तिच्यासाठी की रात्री अकराला येणारा फोन बंद व्हावा म्हणून, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाहेरच्या माणसाची गरज येथे पडते. त्याला प्रेम अधिक असते असे नव्हे. त्याच्या झोपेचा या प्रकरणाशी संबंध नसतो, एवढेच. पत्रकार शीला बर्से यांनी पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील मनोरुग्णांचा प्रश्न न्यायालयापुढे नेला नसता, तर कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे असे म्हणण्याची वेळ १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली नसती. आतल्यांना तो रोजचा व्यवहार वाटत होता.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत खरोखर उदार आहे. प्रत्येक मनुष्य, तो मनोरुग्ण असला तरी, स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्यास समर्थ आहे असे तो धरून चालतो. दुसऱ्यांना निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून माणसाला असमर्थ ठरवू नये, असे सांगतो. पुढे आपले भान हरपले तर काय करावे आणि कोणी आपल्या वतीने बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय त्यात आहे. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करावयाचे तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी करावयाची, पहिली मुदत तीस दिवसांची, आणि रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला कळवावयाचे, असा त्याचा दंडक आहे. आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा बिघाडही येतो. मग अडचण कोठे आहे? अडचण पाटीवर आहे. ज्या घराने आपल्या पाटीवर मनोरुग्णालय न लिहिता 'ज्येष्ठांचे निवासस्थान' लिहिले, त्याच्या दाराशी या कायद्याचा पाय सहसा अडखळतो. व्यवस्थापक आणि नातेवाईक या दोघांनाही, आपण कोणाला 'दाखल' करीत आहोत, असे वाटतच नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आदींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्या यादीत वार्धक्यातील स्मृतिभ्रंश नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, आणि ते त्या माणसाच्या इच्छेनुसार चालावे असे फार सुंदर कलम आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो. दार कोणी लावावे याविषयी तो बोलत नाही. बेशुद्धावस्थेतील पतीच्या पत्नीला पालक म्हणून नेमण्यासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाला २०२० मध्ये आपला विशेष अधिकार वापरावा लागला, कारण तशा रुग्णासाठी कायदाच नव्हता. केरळच्या उच्च न्यायालयाने आदल्या वर्षी तेच केले होते.

आणि मुखत्यारपत्र? पुष्कळांचा असा समज असतो, आमचाही होता, की आईवडिलांकडून वेळीच मुखत्यारपत्र करून घेतले की चिंता मिटली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन अस्थिर झाले की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला त्याच दिवशी तो निर्जीव होतो. वाचकांपैकी कोणी अशा कागदावर विसंबून असतील तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या वडीलमंडळींनी घेतलाही आहे. आपल्या घरांत आजीआजोबांना सांभाळताना कोणी परवानगी काढली होती काय? नातवाने आजीचा हात धरून तिला विहिरीपासून दूर नेले, तर त्याने आधी मामलेदाराकडे अर्ज करावा काय? आक्षेप खोटा नाही. परंतु त्या घराचे दार उघडे होते, ओसरीवर दहा माणसे येतजात होती, आणि आजीला कोणी कोंडले तर चार घरांत बोलबाला होत होता. ते शेजारचे डोळे हेच तिचे संरक्षण होते. (तेही सर्वांना लाभत होते असे नाही, माजघराच्या अंधारात किती विधवांचा आवाज विरला याची मोजदाद कोणी केली?) नोएडात शेजार नाही. या शहराला मुळात नावही नाही; १९७६ साली स्थापन झालेल्या एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत, आणि पत्त्यात गल्लीऐवजी आकडे असतात. येथे बंद दाराआड काय आहे हे पाहण्याचे काम कोणावर तरी सोपविल्यावाचून ते होणार नाही. मराठेशाहीत मुतालिक धन्याच्या वतीने शिक्का वापरी. पण मुतालिकीची वस्त्रे त्याला रीतसर मिळालेली असत, आणि ती काढूनही घेता येत. आम्हांला कोणी वस्त्रे दिली? आमच्याकडून ती कोण काढून घेणार?

सरकार मावशीची चौकशी करीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, म्हणून दर नोव्हेंबरात ती हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिचा चेहरा मोबाइलसमोर धरला, तिने डोळ्यांची उघडझाप केली, आणि क्षणार्धात ती जिवंत असल्याची खातरी सरकारला पटली. पैसा चुकीच्या हाती जाऊ नये यासाठी हे योग्यच आहे. दाखला घेऊन आम्ही उठलो तेव्हा मनात आले, की वर्षातून एकदा तू आहेस काय असे विचारणारी यंत्रणा आहे, तर तू येथे कशी आहेस, तुला काय हवे आहे, असे त्याच दिवशी कोणी विचारले तर खर्च किती वाढेल?

त्यानंतर आमच्या ध्यानात आले, की हे आम्हीही विचारलेले नाही. २०१७ च्या कायद्यात एक साधे वाक्य आहे: माणसाला माहिती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी, जशी पोचेल तशी द्यावी. वृद्धनिवासाच्या कागदांत मावशीच्या नावापुढे 'विचारलेले समजत नाही' असा शेरा होता. तिला हिंदीत विचारले गेले होते. पन्नास वर्षे जिने दिल्लीच्या भाजीवाल्यांशी हिंदीत हुज्जत घातली तिची हिंदी आता जवळजवळ गेली आहे. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, असे पुष्कळदा घडते, हे डॉक्टरांनी सांगितले. मावशी मागे मागे चालत तिच्या माहेरच्या मराठीत जाऊन बसली होती, आणि तेथे तिच्याशी बोलणारे कोणी नव्हते. आम्ही भेटीला जात होतो ते कचेरी सुटल्यावर, म्हणजे तिच्या सर्वांत वाईट वेळी. तिच्या असमर्थतेचा निम्मा भाग आमच्या वेळापत्रकात आणि तेथील लोकांच्या भाषेत होता. बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्या आम्हां सर्वांच्या वार्धक्यापुढे ही गोष्ट वाढून ठेवलेली आहे.

एका शनिवारी आम्ही सकाळी गेलो. ती खिडकीशी उन्हात बसली होती. आम्ही विचारले, "मावशी, इथे बरं आहे ना?" ती म्हणाली, "बरं आहे." विचारताच आमचे आम्हांला कळले, की हा कारकुनाचा प्रश्न झाला, उत्तर आधीच भरून फक्त सही मागणारा. थोडा वेळ जाऊ दिला. मग विचारले, "तुला इथे काय हवंय?" बराच वेळ ती बोलली नाही. नंतर म्हणाली, "दिवेलागणीला ह्या बायका दार लावतात. त्या वेळी दार लावू नये रे. लक्ष्मी यायची वेळ असते."

एवढेच. मग तिने आम्हांला विचारले, की तू कोणाचा.

सहा महिने ती सायंकाळी दाराशी का उभी राहत होती याचा एक अर्थ नोंदवहीत होता, एक आमच्या मनात होता, आणि हा तिसरा. हाच एकमेव खरा, असे आम्ही म्हणत नाही. ती क्वार्टरचा नंबरही सांगते, यजमानांची वाटही पाहते. परंतु घरातील बाईने तिन्हीसांजेला दार उघडे ठेवणे याला भटकण्याची प्रवृत्ती म्हणावयाचे असेल, तर आमच्या आजीपणजीपर्यंत सर्व बायका रुग्ण होत्या. आम्ही तिच्या वतीने लिहिलेल्या संमतीत हे वाक्य कोठेच नव्हते.

जानेवारीत मुदत संपली आणि नूतनीकरणाचा अर्ज पुढे आला. 'रहिवाशाची संमती' या रकान्यात आम्ही तिचे वाक्य तिच्याच शब्दांत मराठीत लिहिले, तारीख व वेळ घातली, आणि खाली सही करून 'भाचा' एवढेच लिहिले. व्यवस्थापक सज्जन गृहस्थ आहेत. हे काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही हिंदीत सांगितले. ते थोडे हसले, मग हसायचे थांबले. दार रस्त्यावर उघडते, सायंकाळच्या पाळीला दोनच परिचारिका असतात, वीसपैकी एक मनुष्य जरी बाहेर गेला तरी जबाबदारी कोणाची, असे ते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला आम्ही एक अर्ज दिला आहे, की अशा घरांतील ज्या रहिवाशांना स्वतः सही करता येत नाही त्यांना बाहेरच्या कोणी ठरावीक मुदतीने, त्यांना समजेल अशा भाषेत भेटून विचारण्याची व्यवस्था व्हावी. अर्जाची पोच मिळाली आहे. आवक क्रमांक पडला आहे. पुढचे आम्हांला ठाऊक असते.

रविवारी दिवेलागणीला आम्ही तेथे जातो. व्यवस्थापक स्वतः आकडे दाबून दार उघडतात. मावशी उंबरठ्याशी उभी राहते, रस्त्यावरील दिव्यांना हात जोडते, क्षणभर इकडेतिकडे पाहते आणि आपली आपण आत वळते. आजवर ती एकदाही बाहेर गेलेली नाही. आठवड्याच्या उरलेल्या सहा सायंकाळी दार बंद असते.